कपाटातली आत्या

माझी आत्या घाबरण्याचं काम करते. घाबरवण्याचं नव्हे, घाबरण्याचं. हा फरक आमच्या घरातल्या निम्म्या लोकांना अजून कळलेला नाही. परक्या भाषेतले चित्रपट, मालिका, गेम आपल्या भाषेत येतात तेव्हा पडद्यावरच्या बायकांना कुणीतरी आवाज द्यावा लागतो. नुसतं बोलायला पुष्कळ जण हौसेने येतात. पण जिन्यावरून गडगडत खाली येताना, पाण्यात गटांगळ्या खाताना, मानेवर कुणाची तरी गार बोटं टेकल्यावर जो आवाज निघतो, तो देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आत्या त्यातली. एकतीस वर्षं ती हेच करते आहे. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले बंधू, कुणी विचारलं की सांगतात, "ती ध्वनी विभागात असते." जसं काही सरकारी खातंच.

नोकरीच्या निमित्ताने आमचं लहान गाव सोडून मी तिच्याकडे राहायला आलो. पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं की आतल्या खोलीतलं मोठं कपाट उघडण्याआधी टकटक करायची, आत आत्या असू शकते. कपाटात जुन्या रजया, दोन गाद्या, आत्याच्या यजमानांचे, म्हणजे काकांचे, थंडीचे कोट आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर आत्या. सरावाच्या किंकाळ्या तिथे. पूर्वी ती स्वयंपाकघरात सराव करायची. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पोलिसांना फोन केला. दोन हवालदार वर आले, तेव्हा दार उघडलं काकांनी, आणि काकांच्या हातात कांदा चिरायची सुरी. हवालदार काकांकडे बघतात, काका सुरीकडे बघतात, आणि आत्या मागून म्हणते, "थांबा, नीट ऐकू आली नसेल तर परत देते." तेव्हापासून कपाट.

काका लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचा स्वभावही लिफ्टसारखा. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत, पण एकदा निघाले की मध्ये थांबणार नाहीत.

आत्याच्या धंद्याचं शास्त्र मला हळूहळू समजत गेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सुती कपडे, कारण बाकीचे सळसळतात. हातात घड्याळ नाही, बांगडी नाही. निघण्याआधी दोन घास खायचेच, रिकाम्या पोटाची गुरगुर माइकला आधी ऐकू जाते. आणि पिशवीत एक आंबट हिरवं सफरचंद. तोंड चिकट झालं की प्रत्येक शब्दाआधी जिभेचा चट् असा आवाज येतो, तो सफरचंदाच्या फोडीने जातो. एकदा मी ते सफरचंद खाल्लं, तर ती आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

बारा वर्षांपूर्वी तिने एका गेमसाठी नुसते श्वास दिले होते. गेमचं काम असंच असतं. गोष्ट कुणी सांगत नाही, हातात यादी देतात. एकशे चौदा श्वास. नंबर एक, दमलेला. नंबर दोन, दमलेला पण लपवायचाय. नंबर एकोणीस, पाण्यातून डोकं वर काढल्यावर. ही बाई कोण, कुठे अडकली, कशाला भिते, आत्याला काही माहीत नव्हतं. यादीच्या वर एक सूचना मात्र ठळक होती: ही बाई कधीही ओरडत नाही.

मी त्या वेळी नववीत. आमच्या शाळेत त्याला 'कपाटाचा गेम' म्हणायचे आणि तो वर्गातल्या एकाच मित्राच्या घरी होता, त्यामुळे त्या वर्षी त्याला मित्र कमी पडले नाहीत. एक बाई एका मोठ्या रिकाम्या घरात कोंडली गेलेली. घरात एक उंच, गुडघ्याच्या खाली हात येणारा प्राणी. आम्ही त्याला लंब्या म्हणायचो. लंब्याला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तो आला की कपाटात शिरायचं आणि बटण दाबून श्वास रोखायचा. बटण लवकर सोडलंत तर मेलात. फार वेळ धरून ठेवलंत तर बाईला धाप लागते, तरी मेलात. मी त्या गेमपायी महिनाभर आईच्या खोलीत गादी टाकून झोपलो. कारण म्हणून पाठदुखी सांगितली. नववीत पाठदुखी.

आत्याकडे आल्यावर एका रविवारी दुपारी मी तोच जुना गेम हॉलमधल्या टीव्हीवर लावून बसलो होतो. आत्या हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"हा अठ्ठेचाळिसावा," ती म्हणाली.

"काय अठ्ठेचाळिसावा?"

"श्वास. जिना चढून आल्यावर, मागे कुणी आहे असं वाटून, पण वळून न बघता. चार टेक लागले होते मेल्याला."

माझ्या हातातून कंट्रोलर पडायचा राहिला. "म्हणजे महिनाभर माझी झोप उडवली ती तू?"

"मला काय स्वप्न पडलं होतं तू खेळतोयस म्हणून? आधी सांगितलं असतंस, तर जरा हळू घेतला असता."

मग ती माझ्या शेजारी बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. इतक्या वर्षांनी तिला कळत होतं की आपण कुठे आणि कशाला घाबरलो होतो. कपाटाचा प्रसंग आला तेव्हा तिने विचारलं, "इथे ओरडलं तर काय होतं?"

"ओरडायचं बटणच नाही."

"शहाणा आहे ज्याने केलंय तो," आत्या म्हणाली. त्यानंतर गेमचे पुढचे दोन भाग आले, दोन्हींत श्वास तिचेच होते, आणि दोन्हींत ती बाई ओरडली नाही. आत्याच्या बोलण्यात ती आता 'आमची बाई' झाली होती. आमची बाई असं नाही करायची, आमच्या बाईला जिना नको वाटतो. काका विचारायचे, "ही तुमची बाई जेवायला आहे का आज?"

गेल्या वर्षी त्या गेमचा चित्रपट निघाला आणि आपल्या भाषेतल्या डबिंगचं काम आत्याच्या नेहमीच्या स्टुडिओत आलं. नायिकेचे संवाद तेवीस वर्षांच्या एका नव्या मुलीला दिले गेले. श्वास, हुंदके आणि किंकाळ्या आत्याला. तोंड एक, बायका दोन. मला वाटलं आत्या फणकारेल. पण ती म्हणाली, "बोलणार ती, घाबरणार मी. बरंच आहे की. घाबरायला पाठांतर लागत नाही."

एका शनिवारी ती मला बरोबर घेऊन गेली. डबिंगच्या दिग्दर्शकाला तिने सांगून ठेवलं होतं की माझा भाचा तो गेम कोळून प्यायलाय, काही अडलं तर विचार. दिग्दर्शक तिशीतला. हुशार, कायम घाईत, आणि आत्याला ताई म्हणणारा. मी आवाज टिपणाऱ्या इंजिनिअरच्या मागे सोफ्यावर बसलो. काचेपलीकडे आत्या, कानाला हेडफोन, समोर छोटा पडदा. तिथे मी तो चित्रपट तुकड्यातुकड्याने पाहिला. चित्रपट असा पाहू नये, पण दोष मात्र असाच लवकर दिसतो.

घर त्यांनी हुबेहूब उभं केलं होतं, हे पहिल्यांदा कबूल करायला हवं. फरशीचा तडा गेमच्या तड्यासारखाच, डावीकडे वळणारा. फ्रीजचं दार उघडलं की पडणारा आजारी उजेड तोच. बाईचं काम करणारी नटी चांगली. तिला न बोलता उभं राहता येतं, आणि हे फार थोड्यांना जमतं. पण बाकी? गेममध्ये दार मी उघडायचो. त्या दारासमोर मी पाच पाच मिनिटं उभा राहिलो आहे, पाणी पिऊन आलो आहे, मित्राला म्हटलं आहे, तू उघड. चित्रपटात दार आपलं आपण उघडतं आणि आपण खुर्चीत. भीती आयती वाढून येते. शिवाय लंब्या असा का झाला, याची अकरा मिनिटांची हकीकत. त्याचं बालपण, त्याचे वडील. लंब्याचं बालपण कळल्यावर त्याला भ्यायचं की त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा? आणि संगीत. कुणीही कुठेही चाललं की व्हायोलिनं आधी पोचलेली.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे बाई ओरडत होती. पाच वेळा. आत्याने पहिल्या दोन मुकाट्याने दिल्या. "स्वप्नात ओरडते आहे, ओरडू दे. स्वप्नाला कायदा नसतो." तिसरी आणि चौथी घराबाहेर होती, म्हणजे लंब्या लांब. त्याही दिल्या. मग आला कपाटाचा प्रसंग. बाई कपाटात. फटीतून लंब्याची बोटं दिसतात. बाईचं तोंड उघडतं, पुरे साडेतीन सेकंद, आणि मूळ चित्रपटात ती जीव खाऊन किंचाळते.

आत्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "ही नाही देणार."

"म्हणजे?" दिग्दर्शकाने काचेपलीकडे बोलायचं बटण दाबून विचारलं.

"अरे, तो ऐकतो. तेवढंच येतं त्याला. ही तीन भाग जीव मुठीत धरून गप्प राहिली, ती इथे ओरडेल? मग याला काय बहिरा समजायचं?"

"ताई, मूळ चित्रपटात ती ओरडतेय."

"मूळ गेममध्ये नाही ओरडत."

"आपण गेम डब करत नाही आहोत ना. आणि गेमवाले असे किती येणार? बाकीचे येणार भुताचा पिक्चर बघायला. त्यांना किंकाळी हवी. तोंड बघा तिचं, दाढा दिसताहेत!"

"दाढा दातांच्या डॉक्टरकडेही दिसतात. तिथे कुणी ओरडतं का?"

"माझ्या डॉक्टरकडे ओरडतात," इंजिनिअर म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दिग्दर्शकाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मला तेव्हाही पटत होतं. पडद्यावर आ वासलेलं तोंड दिसणार आणि आवाज काही नाही, तर लोक काय म्हणणार? तो मऊ आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही नाही दिलीत तर मला त्या मुलीकडून घ्यावी लागेल. ती बाहेरच बसलीये."

"घे की. मी कुठे अडवतेय? पण माझ्या तोंडून ती ओरडणार नाही. आधी माझा एक टेक घे. मग तुला हवं ते लाव."

"पण तुम्ही देणार काय तिथे?"

"तोंड उघडं म्हणजे आवाज बाहेरच यायला पाहिजे, असं कुणी सांगितलं तुला?"

तिने सफरचंदाची फोड चावली, पाणी प्यायली. पडद्यावर बोटं आली, तोंड उघडलं, आणि आत्याने श्वास आत घेतला. बंद खोलीत दाराखालून वारा शिरतो तसा बारीक, पण थांबायलाच तयार नाही. साडेतीन सेकंद आत आत जात राहिला आणि शेवटी घशात कुठेतरी अडकला. ओठ तंतोतंत जुळले होते. इंजिनिअरने मागे वळून स्टुडिओच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"परत एकदा," दिग्दर्शक म्हणाला.

"परत घेतला तर तो दुसरा होईल. हा ठेव."

"बघतो," तो म्हणाला. हे 'बघतो' आमच्याकडे नोकरीच्या अर्जावर म्हणतात तसं होतं. आम्ही चपला घालत होतो तोवर त्या मुलीला आत बोलावलं गेलं आणि बंद दारातूनही तिची किंकाळी कॉरिडॉरपर्यंत आली. खणखणीत होती. आत्या ऐकून म्हणाली, "घसा सांभाळायला शिकवायला हवं हिला."

म्हणजे आता दोन्ही टेक त्याच्याकडे होते, आणि दिलेल्या टेकची चौकशी करायची नाही हा आत्याचा नियम. तिने दोन महिने फोन केला नाही. पण एकतीस वर्षांत स्वतःचं काम बघायला थिएटरात पाऊल न टाकलेल्या बाईने चित्रपट लागल्यावर पहिल्याच शनिवारची दुपारची तीन तिकिटं आणली, तेव्हा मला समजलं की ती दोन महिने त्या कपाटातच बसून आहे.

थिएटर अर्धं भरलेलं. मध्ये आत्या, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. काकांनी पहिल्या पाच मिनिटांतच कामाला सुरुवात केली.

"हे तूच का?"

"नाही हो, ते दार आहे."

"आणि हे?"

"मांजर."

"बराच मोठा वाव आहे की तुझ्या धंद्यात," काका म्हणाले आणि थोड्या वेळाने त्यांची मान कलली.

सलग पाहताना चित्रपट मला स्टुडिओतल्यापेक्षा बरा वाटला, हे सांगितलं पाहिजे. पहिली वीस मिनिटं तर खरंच चांगली. बाई नुसती खोल्यांतून फिरते आणि घर तिच्याकडे बघतं. त्या जागेत आत्याचे श्वास स्वच्छ ऐकू येत होते. मग लंब्याचं बालपण सुरू झालं आणि लोक खायचं आणायला उठले. मध्यंतरानंतर व्हायोलिनं, दारं, पुन्हा व्हायोलिनं. आत्या हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखी. एकदा पुटपुटली, "मुलगी छान बोलते हं." एकदा म्हणाली, "इथे माझा श्वास दोन बोटं मागे पडलाय."

कपाटाचा प्रसंग आला. काका जागे झाले होते, की आत्याने त्यांच्या हातावर हात ठेवला म्हणून झाले, कोण जाणे. बाई आत शिरली. फटीत बोटं आली. आणि व्हायोलिनं थांबली. किंकाळीला मोकळं मैदान मिळावं म्हणून संगीतकाराने तिथे, अख्ख्या चित्रपटात त्या एकाच ठिकाणी, सगळं बंद केलेलं. तोंड उघडलं.

श्वास आत गेला.

थिएटरात टाचणी पडली असती तर दचकून कुणीतरी मेलं असतं. दोन सेकंद. तीन. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए, आवाज गेला!" कुणी शिट्टी मारली. माझ्या पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ इतका वेळ फोनवर बोट फिरवत होते, त्यांनी फोन मांडीखाली घातला आणि दोन्ही पाय वर घेतले. शिट्टी मारणाराही मग गप्प झाला.

मी आत्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. "ठेवला," ती म्हणाली. तेवढंच.

बाहेर पडताना मॅनेजरच्या टेबलाशी चार-पाच जण जमले होते. ऐन वेळेला आवाज जातो म्हणजे काय, मशीन दुरुस्त करता येत नसेल तर पिक्चर लावता कशाला, वगैरे. एक बाई मात्र त्यांच्यातच उभी राहून सांगत होती की आवाज होता, तिला ऐकू आला. तिचा नवरा म्हणत होता, तुला नेहमीच काहीतरी ऐकू येतं. आत्याने थांबून सगळं ऐकलं. ओळख वगैरे दिली नाही.

बसथांब्यावर मी माझा निकाल दिला. घर, उजेड, नटी आणि पहिली वीस मिनिटं पास. बालपण, व्हायोलिनं नापास. कपाट पहिल्या नंबराने पास. आत्या हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळी हसली.

काका इतका वेळ विचारात होते. ते म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. पण एक सांग. तिने तो श्वास आत घेतला, तो सोडला कधी?"

"म्हणजे?"

"अगं, आत गेलेलं बाहेर यायला नको? पुढे ती पळाली, रस्त्यावर आली, गाडीत बसली, त्या माणसाशी बोलली. पण सोडला कुठेच नाही. मी वाट बघत होतो."

आत्याचा चेहरा उतरला. तिने मनातल्या मनात चित्रपट पुढे मागे करून पाहिला असावा. कपाटानंतर लगेच रस्ता. रस्त्यावर संवाद, म्हणजे ती मुलगी. त्या मुलीकडे तो श्वास नव्हताच, ती तिच्या स्वतःच्या श्वासाने बोलली. आत्याने तो सोडायला एक टेक मागून घ्यायला हवा होता, नुसता हुश्श, अर्ध्या सेकंदाचा. किंकाळी द्यायची नाही या भांडणात ती ते साफ विसरली होती. बस आली तरी ती उभीच. "एकतीस वर्षं झाली," ती बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "आणि नवशिक्यासारखी चूक."

सोमवारी सकाळी तिने नियम मोडून दिग्दर्शकाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण तिचे हात पिठात होते.

"ताई, मीच करणार होतो," तो म्हणाला. "तीन थिएटरांतून तक्रार आलीये. आवाज गेला म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही. मी सांगितलं, आवाज आहे तो एवढाच आहे. तुमची मशिनं बरोबर चाललीयेत."

आत्या पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "अरे, पण माझी एक चूक झालीये. तो श्वास मी सोडलाच नाही. पुढच्या सीनच्या सुरुवातीला सोडायला हवा होता."

"ताई, आता सगळीकडे लागलाय पिक्चर. आता काय करणार?"

"करू नकोस काही. चूक कुणाची, ते तुला माहीत असावं."

"कुणालाही कळणार नाही हो."

"आमच्याकडे कळलं," आत्या म्हणाली, "आणि तेही लिफ्टवाल्याला."

पलीकडे तो हसला. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं, मंगळवारी मोकळ्या आहात का? कार्टून आहे. कोंबडीमागे कुत्रा लागतो."

"कोंबडी ओरडते?"

"भरपूर."

"येते मग," आत्या म्हणाली आणि कोपराने फोन बंद केला.